बर्फाशी खेळणारे छप्पर

स्वीडनच्या उत्तरेकडील लॅपलँड प्रांतात बोर्गाफ्येल नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. तेथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस एका हॉटेलाचा आराखडा आखला गेला. स्की करायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते बांधायचे होते. तरुण वास्तुरचनाकाराने हॉटेलाचे छप्पर एका बाजूने थेट जमिनीपर्यंत उतरवले. हिवाळ्यात बर्फ साचला की डोंगराचा उतार कोठे संपला आणि छप्पर कोठे सुरू झाले, हे सांगणे कठीण व्हावे अशी ही रचना. पाहुण्यांनी पायाला स्की बांधून छपरावर चढावे आणि तेथून घसरत खाली यावे, ही सोय त्यात मुद्दाम केलेली होती. ज्या थंडीपासून माणसाला वाचवायचे, तिच्याच सामग्रीने छपराचे खेळाचे मैदान करायचे, हा विचार करणाऱ्या त्या माणसाचे नाव राल्फ अर्स्किन.

अर्स्किन जन्माने इंग्रज. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल भागात त्यांचा जन्म झाला. आईवडील समाजवादी विचारांचे होते आणि त्यांनी मुलाला सॅफ्रन वॉल्डन येथील क्वेकर पंथीयांच्या शाळेत घातले. क्वेकर हा शस्त्र हाती न घेणाऱ्या, साधेपणाने राहणाऱ्या आणि सर्व माणसांना समान लेखणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा पंथ. शाळेतला हा संस्कार अर्स्किन यांच्या अंगात असा मुरला, की पुढे त्यांच्या इमारतींविषयी बोलताना समीक्षकांना त्याचा उल्लेख टाळता आलेला नाही. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. नगररचनेवरील रेखाटनांसाठी पुढे नावाजलेले गॉर्डन कलन हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. त्यानंतर वेल्विन या उद्याननगरीच्या कामावर त्यांनी काही काळ नोकरी केली.

त्या काळात युरोपातील पुरोगामी तरुणांचे डोळे स्वीडनकडे लागले होते. तेथे कल्याणकारी राज्य आकाराला येत होते, आणि आधुनिक वास्तुकला धनिकांच्या बंगल्यांपुरती न राहता सामान्यांच्या वसाहतींपर्यंत पोहोचत होती. १९३९च्या मे महिन्यात पंचवीस वर्षांचे अर्स्किन एक सायकल, पाठीवरची पिशवी आणि झोपण्याची पिशवी एवढे सामान घेऊन स्वीडनला निघाले. सप्टेंबरात महायुद्ध पेटले. प्रवासी म्हणून आलेला तरुण तेथेच राहिला. त्याच वर्षी रूथ फ्रान्सिस या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्याही क्वेकर पंथाच्याच.

परका देश, युद्धाचे दिवस आणि हाती फारसे काम नाही, अशी स्थिती होती. त्यात निसर्गानेही कसोटी पाहिली. १९३९-४० पासूनचे सलग तीन हिवाळे उत्तर युरोपात असाधारण कडक गेले. अशा वेळी, १९४१-४२ मध्ये, अर्स्किन यांनी स्टॉकहोमच्या दक्षिणेस लिस्मा या ठिकाणी कुटुंबासाठी स्वतःच्या हातांनी घर बांधले. मदतीला होता ओगे रोसेनवोल्ड हा डॅनिश वास्तुरचनाकार मित्र, जो पुढे अनेक वर्षे त्यांचा सहकारी राहिला. या घराला त्यांनी नाव दिले ‘लोदान’, म्हणजे पेटी. नाव अगदी सार्थ होते. घराचे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस मीटर. मुंबईतील चाळीतल्या दोन लहान खोल्या जोडल्या तर साधारण एवढीच जागा होईल.

या पेटीविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण अर्स्किन यांनी पुढे साठ वर्षे जे केले त्याचे बी येथे आहे. दगड आणि लाकूड आसपासचेच. भिंतीसाठी लागणारा चुना जवळच्या जुन्या भट्टीत भाजून घेतला. काँक्रीटमध्ये घालायला सळ्या नव्हत्या, तेव्हा जुन्या लोखंडी खाटेचे भाग वापरले. मध्ये शेकोटी, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला राहण्याची खोली. तीच बैठकीची, तीच झोपण्याची आणि तीच नकाशे काढण्याची. पलंगाला दोर आणि कप्प्या लावलेल्या होत्या. सकाळ झाली की पलंग वर ओढून छताला टांगायचा आणि रात्री खाली सोडायचा. कामाचे मेजही घडी घालून ठेवण्याजोगे होते. वीज नव्हती आणि नळही नव्हता.

उत्तरेकडील भिंतीला त्यांनी खिडकी ठेवली नाही. त्या भिंतीला बाहेरून जळणाची लाकडे रचली. वाऱ्याचा मारा त्या बाजूने, म्हणून जळणाचा साठा हेच भिंतीचे पांघरूण झाले. दक्षिणेची बाजू मात्र काचेने उघडी केली, कारण स्टॉकहोमच्या परिसरात डिसेंबरात सूर्य भर दुपारीदेखील क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो. (मुंबईत त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. ऊन टाळण्यासाठी घर बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना, उन्हाची तिरीप आत ओढण्यासाठी घर वळवणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.) छपरावर पडणारा बर्फ तेथेच राहू दिला. पत्नी आणि लहान मुलींसह अर्स्किन या घरात सुमारे चार वर्षे राहिले.

छपरावर बर्फ राहू देणे यात काय विशेष, असे वाचकांना वाटेल. ताज्या बर्फाच्या थरात बर्फ थोडा आणि हवा फार असते. ती अडकलेली हवा उष्णता सहजी पलीकडे जाऊ देत नाही. गोधडीचे तत्त्व तेच. अर्थात या गोधडीला वजन असते. दबून बसलेल्या बर्फाचा एक मीटर जाडीचा थर प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे ते तीनशे किलोंचा भार टाकू शकतो, म्हणून वासे आणि तुळया तशाच भक्कम लागतात. दुसरी अडचण अधिक लबाड आहे. घरातील ऊब छपरातून झिरपली तर बर्फ खालून वितळतो, पाणी उतारावरून वाहत वळचणीपाशी येते आणि थंड कडेला पुन्हा गोठते. आपल्याकडे पावसाळ्यात पागोळ्या गळतात. तिकडे त्या पागोळ्या गोठून भाल्यांसारख्या लटकतात आणि तुटून खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतात. शिवाय कडेला बर्फाचा बांध तयार होऊन मागे तुंबलेले पाणी घरात शिरते ते वेगळेच.

अर्स्किन यांनी यावर आपल्या अनेक इमारतींत एक साधा तोडगा वापरला. घराच्या उबदार छतावर थोडे अंतर सोडून दुसरे हलके छप्पर, छत्री धरल्यासारखे. दोहोंच्या मधून थंड हवा खेळती राहते, वरचे छप्पर थंडच राहते आणि बर्फ वितळत नाही. सज्जांच्या बाबतीतही त्यांनी असाच विचार केला. घराच्या काँक्रीटची लादी तशीच बाहेर काढून सज्जा केला, तर तो गरम आमटीत ठेवलेल्या पळीच्या दांड्यासारखा आतली उष्णता बाहेर नेत राहतो. म्हणून अर्स्किन सज्जे इमारतीपासून सुटे ठेवत, वरून सळ्यांनी टांगत किंवा स्वतंत्र आधारावर उभे करत. दर्शनी भागावर टांगलेल्या पिंजऱ्यांसारखे दिसणारे हे सज्जे त्यांच्या इमारतींची ओळखच होऊन बसले. पाहणाऱ्याला ते लहर वाटतात, पण त्यांच्यामागे हा हिशेब आहे.

लहर नव्हतीच असे मात्र कोणी म्हणू नये. अर्स्किन स्वतः स्की आणि स्केटिंगचे शौकीन होते. त्यांच्या हातच्या नकाशांत इमारतींच्या जोडीला माणसे, मुले, पक्षी आणि आकाशात तरंगणारे फुगे हमखास दिसतात. नकाशातल्या माणसांना काही ना काही उद्योग असतो. बोर्गाफ्येलचे हॉटेल या वृत्तीचे सर्वांत मोकळे उदाहरण. तेथे गोधडी, उतार आणि खेळ या तिन्ही गोष्टी एकाच छपराने साधल्या. ते उभे राहिले तेव्हा आधुनिक वास्तुकलेचे बहुतेक पुरस्कर्ते सपाट छताच्या प्रेमात होते. बर्फाच्या देशात सपाट छत असावे की नाही यावर विद्वान वाद घालत असताना, या माणसाने छपरालाच टेकडी करून टाकले.

युद्ध संपल्यावर अर्स्किन यांनी स्टॉकहोमच्या पश्चिमेस, राजवाड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या द्रोत्निंगहोल्म येथे बस्तान बसवले. पुढे १९६३ मध्ये घर आणि कार्यालय दोन्ही त्यांनी तेथेच बांधले. त्याआधी, पन्नाशीच्या दशकात, टेम्स नदीत मालवाहतूक करणारी ‘वेरोना’ नावाची शिडाची नौका त्यांनी विकत घेऊन स्वीडनला आणली होती. उन्हाळ्यात नकाशाची मेजे त्या नौकेवर जात आणि सहकारी डेकवर बसून काम करत. हिवाळ्याचा एवढा विचार करणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची किंमत कळल्यावाचून कशी राहील?

येथे एका समांतर आयुष्याची आठवण होते. लॉरी बेकर हे अर्स्किन यांच्याहून तीन वर्षांनी लहान. तेही इंग्रज, तेही क्वेकर आणि तेही युद्धकाळात मायदेश सोडून निघालेले. चीनमधील वैद्यकीय सेवेनंतर परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत असता त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली आणि पुढे ते भारताचेच झाले. हिमालयात पिथोरागढ येथे आणि नंतर केरळात त्यांनी स्थानिक विटा, चुना आणि मातीतून घरे बांधली. एकाने मुसळधार पावसाच्या प्रदेशात जे केले, ते दुसऱ्याने हिमप्रदेशात. दोघांच्याही कामात हाताशी असलेल्या वस्तूंविषयी सारखाच आदर दिसतो.

लहान घराकडून अर्स्किन आता गावाकडे वळले. १९५५ मध्ये उत्तर स्वीडनमधील लुलेओ शहरात त्यांनी आखलेले बंदिस्त बाजारसंकुल उघडले. जगातील अगदी पहिल्या अशा संकुलांत त्याची गणना होते. आज आपल्याकडच्या मॉलमध्ये वातानुकूलित गारवा विकत मिळतो. लुलेओचा हेतू नेमका उलट होता. महिनोन् महिने बाहेर थांबणे अशक्य असलेल्या गावकऱ्यांना छपराखालची एखादी गल्ली मिळावी आणि तेथे त्यांनी भेटावे, बसावे, बोलावे, अशी ती कल्पना होती.

तीन-चार वर्षांनी त्यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशासाठी एका आदर्श नगराचा आराखडा काढला आणि १९५९ मध्ये नेदरलँड्समधील ओटरलो येथे भरलेल्या वास्तुरचनाकारांच्या परिषदेत मांडला. दक्षिणेकडे उतरणारी टेकडी, तिच्या उत्तरेला तटबंदीसारखी लांबच लांब निवासी इमारत आणि तिच्या आडोशाला, उन्हाकडे तोंड करून वसलेली लहान घरे, असे हे नगर. लिस्माच्या पेटीतली लाकडांची भिंतच येथे गावाएवढी झाली होती. पुढे अख्खे शहर एका प्रचंड घुमटाखाली झाकण्याच्या योजनाही निघाल्या. जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो यांनी १९७१ मध्ये दोन किलोमीटर व्यासाचा घुमट कल्पिला होता. अर्स्किन यांचा मार्ग वेगळा राहिला. वाऱ्यापासून आडोसा द्यावा, पण दार उघडले की मुलांना बर्फात जाता यावे, एवढीच त्यांच्या नकाशांची मागणी होती.

कागदावरचे हे गाव जमिनीवर उतरवणे सोपे नव्हते. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारे १४५ किलोमीटरवर असलेल्या किरुना या लोखंडाच्या खाणींच्या शहरात साठीच्या दशकात त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. डिसेंबरात सुमारे तीन आठवडे तेथे सूर्य उगवत नाही. वाऱ्याला धार मिळू नये आणि उष्णता वाया जाऊ नये, म्हणून इमारतींचे कोपरे गोलसर ठेवले होते. गावकऱ्यांनी त्यांना लगेच नावे ठेवली. एक तपकिरीची डबी, तर दुसरी पिकदाणी! अशी नावे पडणे ही लोकांनी इमारत आपली मानल्याचीच खूण समजायला हरकत नाही.

जवळच्याच स्वाप्पावारा येथे मात्र गाडी अडली. नव्या खाणीसाठी नवे गाव वसवण्याचे काम अर्स्किन यांच्याकडे आले आणि आदर्श नगर प्रत्यक्षात आणण्याची ही संधी होती. तटबंदीची इमारत बांधली गेली. सुमारे दोनशे मीटर लांबीच्या या इमारतीला जुन्या नॉर्वेजियन राजाच्या युद्धनौकेवरून ‘लांब सर्प’ हे नाव पडले. परंतु तिच्या आडोशाने जे गाव बहरायचे होते, ते ठरल्याप्रमाणे पूर्ण झालेच नाही. वस्ती अपेक्षेइतकी वाढली नाही, खाणीचे दिवस फिरले, घरे ओस पडली आणि २०१०च्या सुमारास त्या इमारतीचा मोठा भाग पाडण्यात आला. वाऱ्याचा, उन्हाचा आणि बर्फाचा हिशेब चोख होता. लोखंडाच्या बाजारभावाचा हिशेब कोणत्याच नकाशात मावणारा नव्हता.

याहून अवघड प्रश्न कॅनडातील रेझोल्यूट बे येथे उभा राहिला. आर्क्टिक महासागरातील कॉर्नवॉलिस बेटावरची ही वस्ती मुळातच अन्यायातून जन्मलेली. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने इन्युइट कुटुंबांना दूरच्या गावांतून उचलून तेथे नेऊन सोडले होते. त्यांतली काही तर जवळपास दोन हजार किलोमीटर दक्षिणेकडून आणलेली. (या कृत्याबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये.) १९७३ मध्ये तेथे नवे गाव आखण्याचे काम अर्स्किन यांना मिळाले. विमानतळावर आणि सरकारी कामावर येणारे गोरे कर्मचारी एकीकडे आणि इन्युइट दुसरीकडे, अशी तेथील विभागणी होती. अर्स्किन यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराची इमारत कल्पिली आणि तिच्या कुशीत, दक्षिणेकडे उघडणाऱ्या मोकळ्या जागेत, इन्युइटांची घरे ठेवली. वारा बर्फ कोठे नेऊन टाकतो याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि इन्युइटांशी चर्चा केल्या.

पण बर्फाची घरे बांधणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या बर्फाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या लोकांना थंडीत कसे राहावे हे बाहेरून आलेल्या माणसाने सांगायचे, ही विसंगती उरतेच. अर्स्किन यांच्या सद्हेतूविषयी शंका नाही. मात्र काम देणारे सरकार, भिंत मुख्यतः गोऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणि भिंतीच्या आत इन्युइट, या मांडणीत कोण कोणाला आडोसा देत होते हा प्रश्न आजही विचारावासा वाटतो. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ही योजना गुंडाळली गेली. नालेचा थोडासाच भाग बांधून झाला होता.

बर्फाच्या प्रदेशात अर्धी राहिलेली भिंत पूर्ण झाली ती इंग्लंडमध्ये. न्यूकॅसल शहरातील बायकर या कामगारवस्तीच्या पुनर्वसनाचे काम १९६९ मध्ये अर्स्किन यांच्याकडे आले. येथे उत्तरेकडून प्रस्तावित महामार्गाचा गोंगाट येणार होता. त्या बाजूला लहान खिडक्यांची, रंगीत विटांची नागमोडी इमारत आणि आतल्या बाजूला लाकडी सज्जे, झाडे आणि छोटी घरे, असा तोच जुना आराखडा नव्या कारणासाठी वापरला गेला. पूर्वी अंत्यविधीचे सामान ठेवणाऱ्या एका रिकाम्या दुकानात त्यांनी कार्यालय थाटले आणि दार रहिवाशांसाठी उघडे ठेवले. काम दशकभराहून अधिक चालले. लोकांना विचारून घरे बांधण्याचा हा प्रयोग जगभर वाखाणला गेला. पण काम लांबले आणि पाडापाडी आधी झाली, त्यामुळे मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांना त्या नव्या घरांत परतता आले नाही, हेही नोंदवायला हवे. २००७ मध्ये या वसाहतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

मानसन्मान यथावकाश आले. १९८७ मध्ये ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या शाही संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पुढच्या वर्षी रूथ निवर्तल्या. लिस्माच्या पेटीपासून जवळजवळ अर्धशतकाची ती सोबत होती. त्यानंतरही अर्स्किन काम करत राहिले. लंडनमधील ‘द आर्क’ ही जहाजाच्या आकाराची कचेरी आणि ग्रिनिचची नवी वसाहत ही त्यांच्या उतारवयातील कामे. १६ मार्च २००५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, द्रोत्निंगहोल्म येथे त्यांचे निधन झाले.

लिस्मा येथील मूळ पेटी काळाच्या ओघात मोडकळीस आली होती. तिची हुबेहूब प्रतिकृती द्रोत्निंगहोल्मजवळ, त्याच लोव्हओन बेटावर बांधण्यात आली. वीस चौरस मीटरचे ते घर पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी जातात. उत्तरेच्या भिंतीला आजही बाहेरून जळणाची लाकडे रचलेली आहेत.